कारण एका ओळीत लिहा

ऑफेनबाखला, नदीकडच्या इमारतीत, चौथा मजला.
लिफ्ट बंद. एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्यात दिवा.
गेर्लिंडे विटकोफ दार उघडतात
आणि सोफ्याआधी मांजर दाखवतात.
"हिचंच काम."
मांजर म्हातारी, लठ्ठ, हीटरला टेकलेली.
आरोप ऐकून एक कान हलवते,
तेवढंच.

सोफा तीन जणांचा, जुन्या मधाच्या रंगाचा,
एक्क्याऐंशी साली पहिल्या बोनसमधून घेतलेला.
पावती अजून आहे, म्हणाल्या.
डाव्या पाठीवर चीर. टेप लावते:
सदतीस सेंटिमीटर.

मी गुडघे टेकते.
कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडते आणि थांबते.
काही चामडी थेंब अंगाला लावून घेत नाहीत,
ह्यानं प्यायला.
म्हणजे वर रंगाचा थर नाही. ह्याला सगळं लागतं:
तेलकट डोकी, ऊन, रेड वाइन, तळहात.

माझा बाप ह्याच गावात पर्सच्या कडा शिवायचा.
बेचाळीस वर्षं, ग्रीक शिव्या पुटपुटत.
म्हणायचा, कच्चं कातडं कुजतं, वासिलिकी,
कमावलेलंच टिकतं.
आणि कमावण्यात निम्मं काम
नुसतं भिजत पडण्याचं असतं.

दिवा आडवा धरते.
नखांची जखम मला पाठ आहे:
तीन-चार रेघा, शेजारी शेजारी,
आधी खोल, मग विरत गेलेल्या, कडेला तंतू पिंजलेले.
ही एकटी आहे.
कडा कागदासारख्या.
आणि दोन ठिकाणी पातं
थांबलंय.
थांबून पुन्हा निघालंय.

मी काही विचारत नाही.
विमा कंपनीचा कागद काढते. त्यावर दोन चौकोन:
*अचानक. हळूहळू.*
पैसे फक्त पहिल्याचे मिळतात.
खाली एक रेघ, कारणासाठी.

कॉफी येते. कप एकच, माझा.
"तो इथं बसायचा," चिरेकडे न बघता त्या म्हणतात.
"चौतीस वर्षं. आवाज मोठा करून बातम्या.
आता कासेलला बसतो. दुसऱ्या कुणाच्या सोफ्यावर."
मी पेनाचं टोपण काढते. लावते. काढते.
मांजर उठते, अंग ताणते,
आणि आमच्या दोघींच्या मधून
पाण्याच्या वाटीकडे जाते. पायात लंगडते.
नखं कापलेली, अगदी मुळापर्यंत.
ते मला आधी दिसायला हवं होतं.

"हळूहळू लिहा," फ्राऊ विटकोफ म्हणतात.
"पैसे मी देते."

मग काम. काम सोपं असतं.
चिरेतून आत कापडाची पट्टी सरकवायची,
चिमट्यानं सुरकुती काढायची,
कडा जवळ आणायच्या, ओढायच्या नाहीत.
ओढलं की शेजारचं फाटतं.
डिंक, वजन, वाट.
भराव पातळ, पाच वेळा. दर वेळी वाळू द्यायचा.
कुठे घाई केली तर महिन्याभरात तिथेच तडकतं.

रंगासाठी सोफा उलटा करते, तळाचा बोटभर तुकडा कापते.
आणि बघतच राहते.
तिथं ऊन कधी पोचलंच नाही:
केशरी, धीट, दुकानातून आल्या दिवसाचा.
फ्राऊ विटकोफ तो तुकडा माझ्या हातून घेतात.
"असा होता?"
असा होता.
पण असा लावला तर ओरडेल.
मी त्यात तपकिरी घालते, थोडा करडा, अर्धा थेंब काळा,
एक्केचाळीस वर्षं बशीत कालवते.
तुकडा परत मागायचं राहून जातं.

पेटी भरताना त्या विचारतात, "दिसेल?"
खोटं बोलून माझं भागत नाही, पुढे तक्रारी येतात.
दिसेल, म्हणते.
हिवाळ्यात, ऊन आडवं आलं की. चारच्या सुमाराला.

"चारला," त्या म्हणतात,
"मी घरीच असते."