परत उघडायचंय का?

उधाणाला होडी वर घेतली,
माहूलच्या गाळात टेकू देऊन उभी केली.
पुढच्या उधाणापर्यंत तेरा दिवस.
त्यातले चार खरवडण्यात गेले.

खरवडलं ते सिलिकॉन.
यांचा सिलिकॉनवर फार जीव.
न्हाणीघर, खिडकी, एकदा तर चपलेचा अंगठा.
गेल्या साली बुडाच्या फळीलाही फासलं.
महिनाभर छान दिसलं,
मग रंग धरेना,
मग एका ओढीत सोलून हातात आलं.
आणि ते जिथं एकदा बसतं
तिथं मागाहून दुसरं काही बसत नाही.

म्हणून यंदा मीच गेले दारूखान्यात,
पिशवीत सागाची चिपाटी घेऊन,
वैद्याकडे लघवीची बाटली नेतात तशी.

मुर्तुझाभाईंनी चिपाटी नखानं दाबली.
पाण्याच्या वर की खाली?
खाली.
लाकूड की फायबर?
लाकूड. इंजिनावरचं झाकण तेवढं फायबरचं.
हलतं?
होडी आहे, भाई.
ते हसले नाहीत. फळीवरून दोन नळ्या काढल्या,
बुडावरच्या तारखा बघितल्या,
चष्मा कपाळावर सरकवला:
परत कधी उघडायचंय का?

माझा आजा कढईत राळ नि तेल कढवायचा,
काथ्या ठोकून सांधी भरायचा.
गल्लीभर वास, डोळ्यांना पाणी.
दरसाल उखडायचं, दरसाल भरायचं.
त्याला हे कुणी विचारलं नसतं.

होडी दोन नावांवर आहे. माझ्या, आणि नणंदेच्या.
इंजिनाच्या पैशांवरून चांगुणा नि मी बोलत नाही,
दोन नारळीपुनवा झाल्या.
झाकणाची किल्ली तिच्याकडे, डिझेलचा हिशेब माझ्याकडे.
मुर्तुझाभाईंना यातलं काय ठाऊक?
ते नळी धरून उभे.
ही पॉलियुरेथेनची, म्हणाले, बसली की बसली,
काढायची तर फळीच फोडावी लागेल.
झाकणाला नको.
झाकणाला ही ब्युटाइलची पट्टी,
कोरडी होत नाही, मऊच राहते,
उचललं की सुटते. जरा चिकट तार येते, बस.

म्हटलं, बुडाला ती. वर ही.
पट्टी दोन गुंडाळ्या द्या.

बिल कुणाच्या नावानं?
तोंडातून दोन्ही नावं गेली,
आधी तिचं.

पोटगीचा भाग म्हणून सांगते,
लाकूड पुरतं सुकल्याशिवाय हात लावायचा नाही,
हे त्यांनी तीनदा बजावलं.
मी एकदाही विसरले नाही,
हातमोजे मात्र विसरले.

आता बाजारात पापलेट तोलताना
गिऱ्हाईक अंगठ्याकडे बघतं.
काळा, घट्ट, रॉकेलनंही न निघणारा.
लागलंय का गो, बाय?
लागलंय, म्हणते.
तिकडे दहाव्या दिवशी
चांगुणाचा पोर किल्ली घेऊन आला,
आणि विचारत होता, झाकण कोण उचलणार.