पसंतीक्रम

फॉर्मवर तीनशे चौकोन.
पहिल्यात कर्सर, उचकी लागल्यासारखा.
बाहेर नंदुरबारचा जुलै, आभाळ आहे, पाणी नाही,
आणि हिंमतभाऊच्या सेतू केंद्रात एकच पंखा,
तोही हिंमतभाऊकडे तोंड करून.

एक्याण्णव पूर्णांक सदतीस.
महिनाभर गल्ली मला या नावानेच ओळखते.
"कितला पडनात?" विचारतात, मी सांगते,
ते मान हलवतात,
हो म्हणून की अरेरे म्हणून, कळत नाही.
फिजिक्सचे सर म्हणाले, कॉम्प्युटर टाक.
मावशीचा दीर म्हणाला, कॉम्प्युटर.
हार्डवेअरवाला बारा नंबरचा पाना बांधून देताना म्हणाला,
मेकॅनिकल कशाला पोरी, नखातलं ग्रीस निघत नाही.
मी नखं पाहिली.
होतंच.

कारण डिसेंबरात, सराव परीक्षा बुडवून,
मी एक मशीन बनवलं होतं.
भंगारातली वायपरची मोटर, भावाच्या सायकलची चेन
(त्याला अजून माहीत नाही कुठे गेली)
आणि दोन रबरी रूळ, समोरासमोर.
आई पथारीवर मिरचीचे देठ खुडते,
किलोवर पैसे,
आणि रात्री ताकाच्या पातेल्यात हात बुडवून
टीव्ही बघते, आवाज बंद करून,
मी अभ्यास करते असं समजून.

पहिल्या चाचणीत
घरचे चौघं, शेजारचे सात आणि एक बकरी
पाऊण तास शिंकत होती.
आई परातीतली लाल भुकटी बघून म्हणाली,
"देठ ऱ्हायना नि मिरचीच गई, बैन!"
आणि इतकी हसली
की डोळे पुसायला हात वर नेला
आणि तसाच थांबवला.

रूळांमधलं अंतर मी सतरा वेळा बदललं.
जाडीला जमलं की बारीक निसटते,
बारकीला जमलं की जाडी चिरडते,
आणि वाकडी मिरची कुठल्या कोनात शिरेल
हे बारावीच्या कुठल्याच धड्यात नाही.
मला हे कुणीतरी शिकवायला हवंय.
त्याला फॉर्ममध्ये कोड नाही.

दाखल्यावर पप्पा दगा, आधारवर दगाजी.
त्या 'जी'साठी तहसीलला तीन फेऱ्या,
एक प्रतिज्ञापत्र, दोन फोटो.
आयुष्यात पहिल्यांदा सरकारने विचारलं
माझ्या बापाला मान द्यायचा की नाही.

पाचला लिंक बंद.
चार अडतीस.
ओटीपी पप्पांच्या फोनवर,
पप्पा धडगाव गाडीच्या स्टिअरिंगवर,
गाडी चांदसैली घाटात,
आणि घाटात रेंज नाही.
पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवा.
हिंमतभाऊने पंखा माझ्याकडे वळवला.
तेव्हा मी खरी घाबरले.

चार एक्कावन्नला फोन. कंडक्टर वळवीमामा.
"एकदम चार आलेत गं, कुठला सांगू?"
शेवटचा, मामा, शेवटचा.
"तीन... शून्य... नऊ..."
आवाज दरीत पडायचा, वर यायचा.
"नऊच्या पुढे काय?"
मागच्या सीटवरून कुणी बाई ओरडली, "सात! सात सांग!"
मग अख्खी गाडीच सात म्हणू लागली,
आणि पप्पा, इंजिन बंद करून, काहीच नाही.
त्यांचं गप्प बसणं मला ओळखू येतं.

पहिल्या चौकोनात मेकॅनिकल.
दुसऱ्यात, तिसऱ्यात, अकराव्यापर्यंत तेच,
पुणे, नाशिक, जळगाव, शिरपूर, जिथे मिळेल तिथे.
बारावा कॉम्प्युटर, मावशीच्या दिराच्या नावाने.

प्रिंट काढताना कागद अडकला.
हिंमतभाऊ प्रिंटरला थापट्या मारू लागला.
थांबा म्हटलं, आणि झाकण उघडलं.
आत दोन रबरी रूळ, समोरासमोर.
माझ्यासारखेच.
फक्त खालच्याच्या मागे
एक छोटी स्प्रिंग होती.

बोटाने दाबली.
रूळ मागे सरकला,
सोडली, परत आला.
जाड कागद, बारीक कागद.

"झालं का गं?" हिंमतभाऊ म्हणाला, "वीस रुपये."
मी अजून दाबतच होते.