तारेवरच्या पावत्या

पहाटे साडेपाचला नगरसभेच्या कचेरीत
सही करून पावतीपुस्तक घेतो.
शंभर पावत्या, गुलाबी,
प्रत्येकीवर शिक्क्यातला हत्ती,
शाई कमी पडली की सोंडेविनाच उमटणारा.

टेचिमनच्या बाजारात पहिली गाठ याआ दुफिएशी.
टोमॅटोच्या राशी मांडत असते ती,
चार खाली, एक वर,
आणि वरचा नेहमी सगळ्यांत तांबडा.
डाव्या हाताने इथे कुणी देत-घेत नाही,
कर मागायलाही उजवाच कर पुढे.
एक सेडी. मी पावती फाडतो.
ती वाचत नाही.
सायकलच्या चाकातली एक तार आहे तिच्याकडे,
दगडावर घासून टोक काढलेली,
त्या टोकात पावती खुपसते, खाली सारते.
अकरा वर्षं.
तळाच्या पावत्या आता दातांसारख्या पिवळ्या.

"अटाकोरा," म्हणते, "नाली?"
एवढंच. रामरामाच्या जागी.
नाली म्हणजे तिच्या खोपटापुढचा तो हिरवा पट्टा,
ज्यात कोबीची पानं, चप्पल,
आणि एकदा कुणाचं तरी रेशनकार्डाएवढं नशीब,
म्हणजे लॉटरीचं तिकीट, तरंगताना मी पाहिलंय.
"होईल," मी म्हणतो.
हा शब्द मला पुस्तकासोबतच मिळतो.
त्याचा संध्याकाळी हिशेब द्यावा लागत नाही.

मग ठराव झाला. एकाचे दोन सेडी.
कांदेवाल्या ओरडल्या,
सुक्या मासळीवाल्या थेट माझ्या आईपर्यंत पोचल्या.
दुफिए काही बोलली नाही. दोन दिले.
फक्त प्रत्येक राशीवरचा तांबडा उचलला
आणि तिथे लिंबाएवढा ठेवला.
दुपारी ट्रकचा क्लीनर आला,
तेवढ्याच पैशात तेवढीच रास घेऊन गेला.
त्याच्या नावाची पावती मी कधी फाडली नव्हती.
त्या रात्री त्याच्या रश्श्याला
जरा कमी रंग आला असेल.

सोमवारी, बाजार नसतो त्या दिवशी,
ती तार घेऊन कचेरीत आली.
शिगेवरच्या मांसासारखी आडवी धरलेली.
फुसेनी कारकुनाच्या टेबलावर ठेवली.
"मोज."
फुसेनी हसला. मग त्याला दिसलं की ती बसलीय.
त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं,
वर्षभराचा जमाखर्च, टाचणीचा गंज कोपऱ्यात उतरलेला.
तिला इंग्रजी येत नाही. वाचायला मला बोलावलं.

वाचलं.
बाजार वसुली, एकूण.
त्याखाली, वसुलीचा खर्च: शंभरातले एकाहत्तर.
पावत्यांची छपाई. बूट. तपासनिसांचं जेवण.
फिरते वसुलीदार, नऊ.
उरलेले एकोणतीस: इतर.

"नाली कुठल्या ओळीत?"

मी बोट वरून खाली नेलं, खालून वर.
नववीपर्यंत शिकलोय, बेरीज येते,
पण हे कसं वाचून दाखवायचं
की नाली 'नऊ' या आकड्यात आहे,
त्यातला नववा भाग तुझ्यासमोर उभा आहे,
नालीच्या फरशा माझ्या पायात आहेत, नाडीसकट,
आणि एक फरशी न्हिराच्या दप्तरात.

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली,
जणू न येणारी अक्षरं आता येतील.
मग म्हणाली,
"म्हणजे मी तुला पैसे देते
ते तू माझ्याकडे पैसे मागायला यावंस म्हणून."
फुसेनी हसला नाही.
पंख्याखाली पावत्यांची ती गुलाबी-पिवळी चवड
एकाच बाजूने फडफडत होती.

बुधवारी गेलो. जावंच लागतं.
दोन सेडी. पावती. तार.
मी थांबलो, नालीची वाट बघत.
तिनं विचारलंच नाही.
विचारलं, "पोरगी कितवीत?"
"चौथीत."
"भागाकार येतो?"
"शिकतेय."
"लवकर शिकव," म्हणाली,
आणि तार उजेडात धरून बघितली.
अजून चार बोटं जागा होती.