चाक नसलेल्या वस्तूची तपासणी

वाडीला, टायरवाल्याच्या गोडाऊनमागे,
निळ्या ताडपत्रीखाली ती अकरा वर्षं उभी होती,
म्हणजे पडून होती.
बोटीला उभी म्हणावं की पडलेली
हेही तोवर मला ठाऊक नव्हतं.

खुबचंदानीच्या पोरानं ताडपत्री ओढली.
आधी एक सरडा निघाला, मग धूळ,
मग नाक:
लांब, पांढरं, कडेनं नारिंगी पट्टा.
आपल्या संत्र्याचा नारिंगी नाही.
मी आयटीआयला असताना स्कूटरी, रेडिओ, पंखे
ज्या रंगाचे यायचे तो.

‘बाबूजींनी मुंबईहून आणली. शहात्तरचा माल.
खिंडसीला चारदा चालवली.
पाचव्यांदा डॉक्टर नाही म्हणाले.’

मी पिशवीतून हातोडी काढली.

एकतीस वर्षं अजनी यार्डात दुसरं काय केलं?
रात्री अडीचला, डाव्या हातात बत्ती,
चाकामागून चाक, टण्, टण्.
धड चाक मार खाल्ल्यावरही थोडा वेळ बोलत राहतं.
तडा गेलेलं
‘हं’ म्हणून गप्प बसतं,
घरातल्या माणसासारखं.

दोन्ही बाजू ठोकल्या. ठक्. ठक्.
कोरड्या, घट्ट.
मग मागची फळी,
जिच्या अंगावर इंजिनाचा सगळा भार,
थप्.
भिजलेल्या वहीवर हात मारावा तसं.
वीतभर सरकून पुन्हा,
थप्.

यार्डात असतो तर खडूनं फुली मारून
डबा ‘सिक’ केला असता.
ऐन लग्नसराईत, वऱ्हाडासकट माणसं उतरवून
मी डबे काढलेत. हात कधी कापला नाही.

पोरगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला,
‘काय म्हणते, काका?’
‘बरी आहे,’ म्हटलं.
तपासणीतलं माझं पहिलं खोटं,
आणि तेही स्वतःच्याच खिशाविरुद्ध.

सव्वादोन लाख सांगितले, एक ऐंशीला दिली.
ग्रॅच्युइटीतून.
ट्रॉलीवरून आणताना
अजनी चौकात एक ऑटोवाला बाजूला आला,
नाकापासून शेपटापर्यंत बघत गेला:
‘काऊन भाऊ, पूर येऊन राहिला का?’

जमील मिस्त्रीनं मागची फळी उघडली.
आत काळं, ओलं, खर्ऱ्याच्या चोथ्यासारखं.
‘नंदनवारसाब, आपको मालूम नहीं पड़ा?’
‘पडलं होतं,’ म्हटलं.
त्यानं पुढे विचारलं नाही. चहा मागितला.

आता रोज सकाळी ऊन चढायच्या आत
पटाशीनं थोडं थोडं सडकं लाकूड काढतो.
साहेबांचा फोन येत नाही, गाडीची वेळ होत नाही.
कालपासून ठोकलं की
खालच्या कोपऱ्यात, निंबोणीइतक्या जागेत,
ठक् ऐकू येतं. कदाचित मलाच येत असेल.

इंजिन चालवून बघायचं तर त्याला पाणी पाजावं लागतं.
मे महिना. नळ चाळीस मिनिटं.
मी दोन ड्रम भरले तेव्हा
ढोबळेबाई गच्चीतून नुसत्या बघत होत्या;
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
चाळीस सेकंद चाललं.
गल्लीभर निळा धूर, कबुतरं उडाली,
कोणाचं तरी बाळ उठलं,
आणि सगळं पाणी उतारानं
ढोबळ्यांच्याच फाटकाशी जाऊन थांबलं.

चंद्रकला प्लास्टिकच्या खुर्चीवरून वर चढली,
पदर खोचून माझ्या बाजूच्या सीटवर बसली.
रेक्झिन फाटलेलं, आत मुंग्यांचं गाव.
वेगाचा काटा तीसवर अडकून आहे, कधीपासून कोण जाणे.
तिनं सगळं नीट पाहिलं, मग विचारलं,
‘हिचा ब्रेक कुठे आहे?’

मी पायापाशी वाकून बघितलं.
जमीलकडे बघितलं.
तो हसला. ‘ब्रेक कायका, भाभी.’

साठ वर्षांचा झालो तरी
ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

वाटलं, आता उतरेल.
काचेवरची धूळ तिनं पदरानं पुसली.
‘बरं,’ म्हणाली, ‘हॉर्न?’

हॉर्न होता.