प्रो. प्रा.

डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं.
बाबांनी गोल काढला, परकाराशिवाय, एका दमात,
आणि बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले.
किती वाजले ते सांगता येईना.
पण त्या आठाचं वळण! डॉक्टरांनी चष्मा काढून पाहिलं.

जांभळी नाक्यावरचे निम्मे बोर्ड एके काळी त्यांचे.
हिंगवाले, सुतळीवाले, छत्री दुरुस्तीचं एक दुकान,
तलावपाळीला बोटिंगचे दर,
निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या भिंती, आळीपाळीने.
मग फ्लेक्स आलं. त्यावर ते कधी बोलले नाहीत,
फक्त रस्त्याने जाताना सुटलेले अनुस्वार मोजायचे.

आता चेंदणीतल्या घरात ते मला बाई म्हणतात.
शेवटी शेवटी आईलाही बाईच म्हणायचे.
ती म्हणायची, चला, अहो-जाहो तरी करतायत.

रविवारी माळ्यावरून डबा काढला.
खारीच्या केसांचे ब्रश, तेलात जपलेले,
आणि एक पत्रा, काळा रंग आधीच मारलेला.
मी नाव सांगितलं : ज्योत्स्ना.
चेहऱ्यावर काही हललं नाही.
"अर्धे आगाऊ," म्हणाले.
मी पन्नासची नोट दिली. ती बंडीच्या खिशात गेली.

सुतळीला खडू फासला, ताणली, सोडली. टण्‌.
मग आधी अर्धा ज. शिरोरेषा सगळ्यात शेवटी,
छप्पर घालतात तशी.
थरथरता हात काठीवर टेकला की थरथर कुठे जाते
मला माहीत नाही.
शाळेच्या दाखल्यात, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेतसुद्धा
लोकांनी माझा त गाळला.
त्यांनी नाही गाळला. त, त्याला चिकटून स, मग न,
तिघांना दाटीवाटीने बसवलं आणि वर काना दिला.

मागे सरकले, एक डोळा मिटून पाहिलं.
"खाली प्रो. प्रा. कोण टाकू?"
मी म्हणाले, "भार्गव हरी नाखवा."
"चांगलं नाव आहे. ओळीत बसेल."
बसवलं.
मग कोपऱ्याकडे हात आपसूक वळला,
बारीक तिरक्या अक्षरांत : आर्ट भार्गव.
एका पत्र्यावर दोन भार्गव, वीतभर अंतरावर,
एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

ब्रश पुसत म्हणाले,
"वाळायला रात्र जाईल. हात लावू नका, बाई."