झाकणभर

कमळाकर शेलवल्याने विचारलं,
'गुलाबी म्हणजे चांगलं ना, मॅडम?'
आणि मी हातातली पट्टी उन्हात धरून
उत्तर जुळवत राहिले.

विहीर त्याच्या भेंडीच्या उताराला,
काळू नदीच्या दोन शेतं अलीकडे.
मुरबाडात भात कापला की इथे भेंडी येते.
दिवसाआड, पहाटे,
हातांत जुने पायमोजे चढवून खुडायची,
तरी खाज कोपरापर्यंत चढते.
आठला टेम्पो, पुढे वाशीचा बाजार.
तिथे कुणी विचारत नाही
या हिरव्या रंगाला युरिया किती लागला.

मी तक्ता आणला होता:
एकरी किती किलो, किती हप्त्यांत,
पेरणीनंतर कितव्या दिवशी.
त्याने तो आदराने घडी करून खिशात ठेवला,
जिथे मागच्या साहेबांचाही असावा.
'आम्ही मुठीने टाकतो. दोन पावलांमागे एक मूठ.'
मी त्याची मूठ पाहिली. मग माझी.
माझ्या दोन तरी त्याच्या एकीत मावल्या असत्या.

तेव्हा हिरूबाई बोलली, त्याची आई.
इतका वेळ माझ्याकडे पाठ करून
ती वाकड्या भेंड्या वेगळ्या काढत होती.
'झाड काय सगळं खातं?
उरतं ते जातं कुठं?'

तक्त्यात हा रकाना नव्हता.

मी बोटाने दाखवलं: सरी, उतार, विहीर.
विहिरीपलीकडे काळू,
काळूच्या वाटेवर टिटवाळा,
टिटवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर माझा नळ,
आणि त्याही पुढे उल्हास,
जिच्यावर जलपर्णी इतकी दाट
की बगळे पाण्यावरून चालत जातात.
नळाचं मी सांगणार नव्हते.

'म्हंजे आमचं खत तुम्ही पिता,'
हिरूबाई म्हणाली, आणि हसली नाही.
मग तिने ओटीकडे पाहिलं.

ओटीवर सून
चार महिन्यांच्या पोराची बाटली भरत होती.
पावडरचे तीन चमचे,
प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून,
कण इकडे नाही, कण तिकडे नाही.
पाणी याच विहिरीचं.
'उकळून देते हां मी,' ती घाईने म्हणाली.
मला सांगावं लागलं
की उकळून हे जात नाही.
पाणी आटतं, हे राहतं,
आमटी आटल्यावर मीठ राहतं तसं.

तिने बाटली खाली ठेवली.
पोर रडायला लागलं
आणि बराच वेळ फक्त तेच बोलत होतं.

वरच्या वाडीच्या नळाखाली दुसरी पट्टी धरली.
ती पांढरी राहिली.
सून कळशी घेऊन निघाली, चप्पल न घालता.

'पोराला चमचा सपाट करून,' हिरूबाई म्हणाली,
'आन् भेंडीला मूठ.'
हे कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.
पण कमळाकरने पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं,
युरियाने भरलं, बोटाने सपाट केलं,
आणि आम्ही दोघं वाण्याच्या काट्यावर गेलो,
जिथे त्याने आधी मिरच्या उतरवल्या,
मग आमचं पांढरं झाकण ठेवून विचारलं,
'हे काय, सोनं तोलायचंय?'

मार्चमध्ये परत गेले.
गोणी अर्धी शिल्लक होती,
तिच्यावर मांजर झोपलं होतं.
पानं जरा फिकी, असं कमळाकर म्हणाला,
शेजारचे हसतात म्हणाला,
पण मावा यंदा कमी, हेही म्हणाला,
दुसरीकडे बघत.

मी पट्टी विहिरीत बुडवली.
गुलाबी.
'थोडी कमी आहे,' मी म्हणाले,
मग पुन्हा पाहिलं आणि म्हणाले,
'नाही. तेवढीच आहे.'

हिरूबाईने वाकून पाहिलं.
'वर्सानुवर्सं मुरलंय,' ती म्हणाली,
'लगेच कसं निघंल.'
मग माझ्या पिशवीत डोकावून:
'किती राहिल्यात या पट्ट्या?'
तीन.
'एक ठेवून जा.
पावसाळा सरला की आमचं आम्ही बघू.'