सेवेरिनाचा पत्ता

बेल्त्स शहरात, चौथ्या मजल्यावर, हीटर पायाशी ओढून
मी घरं शोधतोय एक्केचाळीस लेकरांसाठी.
भाडं महिना तीन युरोपासून पुढे.
अट एकच, शेजारी शेजारी नकोत.

व्हॅक्यूम क्लीनरची साइट हेलसिंकीला,
गवत कापायच्या यंत्रांची आम्सटरडॅमला,
बाबागाड्यांची वॉर्सात, कॉफी मशीनच्या दोघी
कुठेही, पण एकमेकींचं तोंड दिसणार नाही अशा.
शोधयंत्राचा कोळी जाळं विणत नाही,
तो वास काढत फिरतो.
एका सर्व्हरवर सात सापडल्या की ओळखतो,
एकाच माळेचे मणी.
मग साती जणी चाळिसाव्या पानावर,
जिथे कुत्रंही फिरकत नाही.

म्हणून वेगळी नोंदणी, वेगळा फॉन्ट,
संपर्काच्या पानावर वेगळं आडनाव.
ताकास तूर लागू द्यायची नाही.

इग्नातच्या दोनशे साइट होत्या. आता तो टायर विकतो.
म्हणतो, अगदी स्वस्तात जाऊ नकोस,
तिथे शेजारी कोण येईल नेम नाही,
जुगारवाले, नकली गोळ्यावाले,
आणि बदनामी तुझ्या उंबऱ्यात.
पहिल्या वर्षाचा भाव कुणीही लावतं, दुसऱ्याचा बघ.
आणि अपरात्री पत्र टाकून बघ
कोण जागं आहे ते.

मी बारा कंपन्यांना लिहिलं, रात्री दोन वाजता.
एकीचं उत्तर आलं: प्रिय ग्राहक, कृपया शांत व्हा.
मी शांतच होतो.

सगळं एका कोष्टकात आहे.
देश, वेग, बॅकअप, वर्षाकाठी बंद पडण्याची मिनिटं.
डोळे शिणले की ते कोष्टक आमच्या घराचं वाटतं,
भाऊ डब्लिनला, वहिनी अजून इथेच, पण माहेरी,
आई नऊ वर्षं पादोव्हात, एका म्हातारीच्या उशाशी.
हे इग्नातला सांगितलं तर म्हणेल,
झोप आता.

आईचा फोन रविवारी, म्हातारीचा डोळा लागल्यावर.
गादी मागवली एकदाची, म्हणाली, शुक्रवारी रात्री.
हवेची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
कुठली घ्यावी कळत नव्हतं,
मग एका नर्सचं वाचलं, आपल्याच भाषेत.
सेवेरिना नाव. वडिलांना सहा वर्षं
दर दोन तासांनी कुशीवर वळवलंय तिने.
लिहिते, चादरीला सुरकुती ठेवू नका,
एक सुरकुतीसुद्धा रात्रभर चावते.
काम केलेल्या हाताचं लिहिणं आहे रे.

सेवेरिना म्हणजे मी.
तिचा फोटो विकतचा, तिचे वडील बनावट.
सुरकुती तेवढी आईची,
तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी बोलता बोलता निघालेली.
ती गादी मी कधी हाताने दाबून पाहिलेली नाही.
खात्यात नोंद आहे: शुक्रवार, बावीस सत्तेचाळीस,
चार युरो दहा सेंट.

मी म्हणालो, बरं झालं.
ती म्हणाली, तिला दोन ओळी लिहायच्या होत्या,
पण पत्ताच सापडेना.

आत्ता साडेतीन. चाळीस ओळी भरल्या.
एक रिकामी.
मिलानला एक जागा आहे, स्वतंत्र आयपी,
महिना अकरा युरो. गाद्यांवर तेवढं सुटत नाही.
पण मिलानहून पादोव्हा ट्रेनने दोन तास,
आणि पान उघडायला
आईला अठरा मिलिसेकंद कमी लागतील,
जे तिला कधीही कळणार नाहीत.

पैसे भरले.
संपर्काच्या पानावर एक ईमेल टाकला,
सेवेरिनाच्या नावाचा. तिची सही काय असेल
याचा विचार करत बसलो.

सकाळी इग्नातने विचारलं,
दुसऱ्या वर्षाचा भाव बघितलास ना?
नाही बघितला.